राणीचा पंचेचाळिसावा संवाद

४ मार्च, सोमवार

ही डायरी बायकोने दिली. तिच्या दवाखान्यात श्रवणयंत्रांच्या कंपनीवाले दरवर्षी वाटतात, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक छोटा कान छापलेला आहे. ती लोकांचे कान तपासते. "मला काही सांगत नाहीस, निदान याला सांग," म्हणाली.

तर कानमहाराज, ऐका. गेल्या वर्षी ज्या सिनेमाने लहानथोरांना वेड लावलं, त्याचा गेम आम्ही करतोय. आम्ही म्हणजे फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर बसणारी अकरा माणसं, आणि त्यांचा प्रमुख मी. सिनेमाचा दुसरा भाग २६ एप्रिलला येतोय. गेम त्याच दिवशी बाजारात आला नाही तर ऑफिसला टाळं, असं मालकांनी सांगून ठेवलंय. साडेसात आठवडे उरलेत आणि निम्मा गेम अजून कागदावरच आहे.

लोकांनी तो सिनेमा पाच-पाच वेळा पाहिला तो एका गोष्टीसाठी. नायक त्या प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून सात बुरुजांच्या शहरावरून उडतो. आमचा पक्षी चालतो. उडवला तर वरून शहर दिसेल, आणि आमच्या शहरातल्या घरांना फक्त पुढची भिंत आहे. मागची बाजू करायला वेळही नाही आणि माणसंही नाहीत. म्हणून मी कथेत एक युक्ती केली आणि पहिल्याच प्रसंगात पक्ष्याचा पंख मोडला. आता तो नायकाला पाठीवर घेऊन शहरभर कोंबडीसारखा हिंडतो.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

७ मार्च, गुरुवार

आज मंजुरीबाईंचा फोन आला. सिनेमा कंपनीच्या या बाईंनी मान हलवल्याशिवाय आम्हाला गेममध्ये दगडसुद्धा ठेवता येत नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. नायकाच्या नटाने आपला चेहरा वापरू द्यायला नकार दिलाय. आवाजही द्यायचा नाही. आणि राणीचं काम करणारी नटी परदेशात शूटिंगला गेलीय, तिचं रेकॉर्डिंग कधी होईल ते सांगता येत नाही.

"मग आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा. तारीख मात्र बदलणार नाही हं."

तर नायकाच्या डोक्यावर टोपडं चढवलं. आता तो पावसाळी कोट घातलेल्या माणसासारखा दिसतो आणि अख्ख्या गेममध्ये तोंडातून अवाक्षर काढत नाही. राणी मात्र बोललीच पाहिजे, तीच वाट सांगते. तिचे चव्वेचाळीस संवाद आहेत. नटी येईपर्यंत कुणाचा तरी तात्पुरता आवाज घालावा लागेल. आमच्या धंद्यात ही नेहमीची रीत आहे, ऑफिसातलं कुणीही वाचतं. पण आमच्याकडे आवाजाच्या नावाने आनंदच आहे. बायकोला विचारतो.

१० मार्च, रविवार

बायको लगेच हो म्हणाली. घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे तिचं कपड्यांचं कपाट. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. ती आत स्टुलावर बसली, मी माइक लावून बाहेर. "बुरुजाच्या डावीकडे जा, वीरा" वगैरे वाक्यं तिने इतकी मन लावून वाचली की मला हसू आलं. "हसतोस काय," ती म्हणाली, "राणीला दिवसभर उभं राहून याला रस्ते सांगायचेत, दमणार नाही का ती?"

मधल्या सुट्टीत तिने ते पत्र काढलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात कान-तपासणी विभागाची प्रमुख म्हणून तिला बोलावलंय. पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचंय.

"बघू," मी म्हटलं. "गेम एकदा हातावेगळा होऊ दे, मग निवांत बोलू."

"पंधरा तारीख त्याच्या आधी येते."

"येते ना. पण आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही गं."

ती पुन्हा कपाटात गेली. चव्वेचाळीस झाल्यावर म्हणाली, "तू चहा कर जा. मी अजून एक वाचते." मी चहा केला, नेहमीप्रमाणे दोन चमचे साखर घालून. तिने अर्धाच प्यायला. पेनड्राइव्ह हातात देताना म्हणाली, "सगळं एकदा ऐक हं. शेवटपर्यंत."

"ऐकतो," मी म्हटलं.

११ मार्च, सोमवार

आवाज गेममध्ये चढवले. फायली पंचेचाळीस निघाल्या. एखादं वाक्य दोनदा वाचलं असेल. एकेक ऐकत बसलो तर सकाळ जाईल, म्हणून नंबर टाकले आणि सोडून दिले.

एक युक्ती मात्र झकास सुचली. एखादा संवाद गेमला सापडला नाही तर राणी नुसतं तोंड हलवते आणि फार वाईट दिसतं. म्हणून अशी सोय केली की संवाद सापडला नाही तर यादीतला शेवटचा आवाज वाजेल. निदान शांतता पडणार नाही. दाढी म्हणाला, "सर, डोकं आहे तुम्हाला." दाढी आमचा प्रोग्रॅमर आहे आणि सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

१९ मार्च, मंगळवार

गावकऱ्यांना तीनच चेहरे आहेत. बाजाराच्या प्रसंगात साठ माणसं दाखवायची, म्हणजे एका चेहऱ्याची वीस जुळी भावंडं भाजी घेताना दिसतात. पक्षी पायऱ्यांवर अडकतो. राक्षस मेला तरी त्याची सावली लढत राहते. एक निस्तरावं तर दोन नवीन निघतात. छातीत जळजळ होतेय, गोळ्या जेवणासारख्या खातोय.

सकाळी दारात बूट घालताना बायकोने विचारलं, "ऐकलंस का रे?"

"हो, मस्त झालंय. सगळं व्यवस्थित बसलंय."

"शेवटचं पण?"

"सगळं म्हटलं ना."

 ती "बरं" म्हणून धुतलेली भांडी लावायला लागली. तिचं काम आवडलं म्हटल्यावर तिला बरं वाटलं असणार. कौतुक करायला आपल्या बापाचं काय जातं, अधूनमधून करायला हवं.

२८ मार्च, गुरुवार

दुष्काळात तेरावा महिना. सिनेमावाल्यांनी चौथ्या टप्प्यातला पुलावरचा प्रसंगच बदलला. नायक लढाईला निघतो आणि राणी त्याला तुटक्या पुलावर गाठते, तिथे पाच नवे संवाद घाला म्हणे. घातले, पण फक्त कागदावर. पुन्हा रेकॉर्डिंग करायला कुणाला वेळ आहे? नटी येईल तेव्हा वाचेल.

भिंगाने आज चुकांच्या यादीत ६१२ नंबरची नोंद केली: "पुलावर राणी पटकथेबाहेरचं बोलते. प्रमुखांनी स्वतः ऐकावं." भिंग म्हणजे आमची तपासनीस पोरगी. दिवसभर गेम खेळून चुका शोधते, नखाएवढी चूकही तिच्या नजरेतून सुटत नाही. नवे संवाद नाहीत म्हणून तिथे जुना कुठला तरी वाजत असणार, हे मला माहीतच होतं. मी शेरा मारला, "किरकोळ. नंतर बघू."

३ एप्रिल, बुधवार

ऑफिसातली माणसं अचानक गोड झालीत. दाढीने आज मला चहा आणून दिला. ज्याने आजवर कुणाला पाण्याचा ग्लास दिला नाही, तो चहा देऊन वर "सर, आज लवकर घरी जा ना" म्हणतो. चित्रं काढणारे दोघे मी आलो की बोलायचे थांबतात. गेमचा बोऱ्या वाजणार हे सगळ्यांना कळलंय आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार हेही, म्हणून दया करताहेत. मला दया नको, घरांच्या मागच्या भिंती हव्यात.

दुपारी भिंग टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, चौथा टप्पा एकदा तुम्ही स्वतः खेळून बघा ना. पुलापर्यंतच."

"पक्षी अडकतोय का तिथे?"

"नाही सर. पक्षी ठीक आहे."

"गेम बंद पडतो?"

"नाही."

"मग मला कशाला खेळायला लावतेस? पाचशे चुका उरल्यात अजून."

ती तरी हलेना. "सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी चिडलो. इथे घराचा काय संबंध? घरी सगळं ठीक आहे म्हटलं, तू यादी बघ. तिचे डोळे भरून आले. मुलगी कामाने खचलीय. रजा द्यायला हवी, पण या महिन्यात शक्य नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

नटी येणार नाही. मंजुरीबाईंनी आज एका ओळीत कळवलं, "आहे तोच आवाज चालवा." म्हणजे राणी माझी बायकोच राहणार. तिला सांगितलं तर हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे सगळे लोक ऐकणार?"

"लाखो."

"आणि तू?"

"मी तर ऐकूनच बसलोय." पुन्हा पुन्हा तेच विचारते. तिच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांची सवय लागलीय बहुतेक.

मग म्हणाली, "सोमवारी हॉस्पिटलला कळवायचंय."

"कळव ना. तुला योग्य वाटेल तसं कर. मी कधी तुला अडवलंय?"

"नाही," ती म्हणाली. "तू कधीच अडवलं नाहीस."

हे मात्र खरं आहे. माझे मित्र बायकांना साध्या सहलीला जाऊ देताना शंभर प्रश्न विचारतात. एवढ्या एका बाबतीत तरी मी बरा नवरा आहे. नंतर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "माझ्याकडे ठार बहिरे लोक येतात रे. पण तपासणीत आवाज आल्यासारखं वाटलं तरी ते हातातलं बटण दाबतात." हे कशावरून निघालं ते विचारायचं राहिलं, दाढीचा फोन आला.

२० एप्रिल, शनिवार

गेम गेला. सकाळी अकराला अंतिम प्रत पाठवली. एकशे नव्वद चुका तशाच ठेवून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भिंग खिडकीपाशी जाऊन रडत होती आणि दाढी तिला पाणी देत होता. 

घरी आलो तर बायको निघाली होती. सोमवारपासून तिकडे रुजू व्हायचंय. दोन बॅगा, एक खोकं. मी तारीख विसरलो होतो, पण तसं दाखवलं नाही. बॅग उचलून टॅक्सीत ठेवली. "पोचलीस की फोन कर," म्हटलं. तिने टॅक्सीत बसल्यावर काच खाली केली आणि थांबली, म्हणून मी म्हटलं, "गीझर दुरुस्त करून घेतो मी." तिने काच वर केली.

सुरुवातीचे काही दिवस तिकडेच राहील, मग दर शनिवारी-रविवारी येईल. तिने कपाट पुष्कळच रिकामं केलंय. आता आत रेकॉर्डिंग केलं तर आवाज घुमेल.

२६ एप्रिल, शुक्रवार

घोडामैदान जवळच आहे म्हणत होतो, आलं. सकाळी नऊपासून लोक गेम खेळताहेत आणि दहापासून शिव्या देताहेत. काही इथे उतरवून ठेवतो, विसरायला नकोत म्हणून.

"सिनेमात पक्षी उडतो. इथे आपण कोंबडीवर बसून बाजारहाट करतो."

"नायक टोपडं का काढत नाही? त्याला सर्दी आहे का?"

"साठ गावकऱ्यांचा बाप एकच आहे."

"मेलेल्या राक्षसाच्या सावलीने मला तीनदा मारलं. पैसे परत करा."

एकाने लिहिलंय की हा गेम करणाऱ्यांनी सिनेमा पाहिलाच नसावा. मी तो अकरा वेळा पाहिलाय. पक्षी उडतो त्या जागी दर वेळी माझ्या अंगावर काटा आलाय. ते कुणाला सांगू?

बायकोचा फोन आला नाही. मीही केला नाही. हरलेलं तोंड घेऊन काय बोलायचं?

२७ एप्रिल, शनिवार

सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. भिंग आणि दाढी आधीच उभे होते. मालकांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणीतरी पुलावरचा प्रसंग खेळताना रेकॉर्ड करून लोकांपुढे टाकलाय. काल रात्रीपासून तो सगळीकडे फिरतोय.

"हे काय आहे?" मालक म्हणाले. "ऐक."

नायक टोपडं घालून पुलावर उभा. राणी त्याच्याकडे चालत येते, तोंड उघडते आणि माझ्या बायकोच्या आवाजात बोलते:

"ऐकतोयस ना? हे राणीचं नाही, माझं आहे. समोर बोलले की तू स्क्रीनकडे बघतोस, म्हणून इथे कपाटात बसून बोलतेय. ते पत्र आलंय ना, मला जायचं नाहीये. म्हणजे काम चांगलं आहे, जावंसंही वाटतं. पण तू एकदा नको जाऊस म्हणालास तर नाही जाणार. नाहीतर मीही येतो म्हण. काहीही म्हण रे. पंधरा तारखेपर्यंत वाट बघते मी. आणि चहात साखर घालू नकोस, मी सोडून चार महिने झाले."

नायक गप्प. त्याला आवाज दिलेलाच नाही. थोड्या वेळाने राणी पुन्हा तेच बोलते. पाच संवाद नव्हते, म्हणून पाच वेळा. सोय माझीच होती.

मी खुर्चीवर बसलो.  मग भिंग हळू आवाजात म्हणाली, "सर, ६१२." मला माहीत होतं. किरकोळ, नंतर बघू.

खाली लोकांनी लिहिलं होतं. मला वाटलं इथेही शिव्या असतील. चार हजार माणसांनी लिहिलं होतं आणि बहुतेकांनी एकच लिहिलं होतं. राणी, नको जाऊस. नको जाऊस. थांब, मीही येतो. नको जाऊस गं. एकाने लिहिलं होतं की अख्ख्या गेममध्ये हीच एक जिवंत बाई आहे. आणि एकाने तक्रार केली होती: "मी पुलावर वीस मिनिटं उभा होतो, सगळी बटणं दाबून पाहिली. तिला उत्तर द्यायची सोयच नाही."

२९ एप्रिल, सोमवार

सिनेमा कंपनीने नोटीस पाठवलीय. तो आवाज आजच्या आज काढायचा. ऑफिस तसंही महिनाअखेरीस बंद होतंय, मालकांनी सगळ्यांना सांगितलं. दाढी म्हणाला, "सर, मी काढतो, तुम्ही नका." पण तो मीच काढला. फाइल क्रमांक पंचेचाळीस, आणि तिच्याबरोबर शेवटचा आवाज वाजवायची माझी ती सोयही. खोडायच्या आधी घरच्या पेनड्राइव्हवर आहे ना ते तीनदा पाहिलं. ६१२ पुढे लिहिलं, "सुधारलं." जन्मात इतकं खोटं लिहिलं नव्हतं.

आता पुलावर राणी येते, तोंड उघडते आणि काहीच बोलत नाही. मी चौथा टप्पा पहिल्यांदाच स्वतः खेळलो.

बायकोला चार वेळा फोन केला. उचलला नाही. पाचव्यांदा मेसेज आला, "तपासणी चालू आहे."

३ मे, शुक्रवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. सकाळच्या गाडीने आलो. तिच्या विभागाच्या दारावर तिच्या नावाची नवी पाटी आहे. मी रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा तिने कागदावरून मान वर केली आणि पेन खाली ठेवलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"केव्हा?"

अकरा मार्चला म्हणायची फार इच्छा झाली. "गेल्या शनिवारी," मी म्हटलं.

"म्हणजे मी ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिला इथल्या नर्सने मोबाइलवर दाखवलं होतं. "अनोळखी पोरं नको जाऊस म्हणत होती रे. मला वाटायचं, तू ऐकून गप्प आहेस. दीड महिना वाटत होतं. ऐकून गप्प बसलास हे मी कसंबसं पचवलं होतं."

"मी ऐकलंच नव्हतं गं."

"हो. ते जास्त वाईट आहे ना?"

मी म्हटलं, नको जाऊस सांगायला आलोय. ती म्हणाली, जाऊन झालं. मी म्हटलं, मग मीही येतो, तसंही तिकडे ऑफिस उरलं नाही. म्हटल्यावर कळलं की हे फार वाईट ऐकू गेलं असणार.  तिने केसपेपर घेतला, त्यावर माझं नाव घातलं आणि काचेच्या खोलीकडे बोट केलं. "बाहेर माणसं खोळंबलीत. नंबर लावलायस तर तपासून घे."

आत बसलो. तिने माझ्या कानांवर हेडफोन बसवले, हातात बटण दिलं आणि रोज सगळ्यांना सांगते तसं सांगितलं, "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी." दार लागलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काचेपलीकडे ती यंत्राकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग लांबून एक बारीक आवाज आला, आणि मी दाबलं. त्याहून बारीक आला, दाबलं. नसल्यासारखा आला, तरी दाबलं. एकही सोडला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण एकही सोडला नाही.

बाहेर आल्यावर तिने कागद हातात दिला. दोन्ही कान उत्तम आहेत.

"काही दोष नाही," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, "पाचला सुटते मी." थांब म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही. पुढच्या आजोबांना हाताला धरून आत घेऊन गेली.

तो कागद या पानाला टाचलाय, छापलेल्या कानाच्या खाली. आता पावणेचार झालेत. मी बसलोय.